परमिट परत आल्याशिवाय

मी विजेच्या सबस्टेशनवर ऑपरेटर आहे. आमच्याकडे ऑपरेटर म्हटलं की लोक पुरुषच धरून चालतात. मी फोन उचलला की पलीकडून म्हणतात, "बाई, ऑपरेटरला द्या." मी म्हणते, मीच. मग विचारतात, लाइन कधी येणार.

ज्या सबस्टेशनची ही गोष्ट आहे ते वसमत तालुक्यातल्या एका गावाबाहेर, माळाच्या कडेला होतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहून कुणाचं भलं होणार नाही, आणि ज्यांना कळायचं त्यांना नावाशिवायही कळेल. तारेच्या कुंपणात गिट्टी पसरलेलं यार्ड, दोन मोठे ट्रान्सफॉर्मर, कडेला एक खोली आणि खोलीत भिंतीलगत पॅनेल. तिथून चार लाइनी निघायच्या. त्यांना आम्ही फीडर म्हणतो. एक गावांचा, तीन शेतीपंपांचे. दर तासाला मीटरचे काटे बघून आकडे लॉगशीटवर उतरवायचे. लाइन पडली, म्हणजे बंद पडली, की पडलेली वेळ लिहायची, आली की आलेली.

आणि दुसरं काम परमिटचं. लाइनमनला पोलवर चढायचं असलं की तो माझ्याकडे परमिट मागतो. मी लाइन बंद करते, यार्डात जाऊन स्विच उघडते, त्याच्या दांड्याला कुलूप घालते, परमिटच्या वहीत त्याचं नाव लिहून एक नंबर देते. काम संपलं की त्यानंच, दुसऱ्या कुणी नाही, तो नंबर सांगून परमिट परत करायचं. तोवर लाइन मेलेली. सांगायला दोन मिनिटं लागतात. शिकायला मला वर्ष लागलं.

शिकवलं एका म्हाताऱ्या ऑपरेटरनं. मी त्यांना काका म्हणायची. त्यांच्या निवृत्तीला वर्षभर उरलं होतं आणि आयटीआय करून आलेली बाई शिकायला मिळाली म्हणून सुरुवातीला ते नाराजच होते. पहिले पंधरा दिवस त्यांनी मला वहीला हात लावू दिला नाही. मग एका दुपारी माझ्याकडून पन्नास वेळा परमिट लिहून घेतलं आणि पन्नास वेळा परत घेतलं. मी कंटाळून विचारलं, एवढं काहून? तेव्हा त्यांनी सांगितलं. तरुणपणी, दुसऱ्या तालुक्यात, कुणीतरी येऊन म्हणालं होतं की पोरं उतरली खाली, आणि काकांनी लाइन सोडली होती, म्हणजे चालू केली होती. वरचा माणूस वाचला, पण उजवा हात गेला.

"दरसाल जत्रंत भेटतो," काका म्हणाले. "डाव्या हातानं चहाचा कप धरतो. मला पाहून हसतो. ते हासणं मला सोसत न्हाई."

पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही, मीही काढला नाही.

काका निवृत्त झाल्यावर चार-पाच वर्षांनी नवे साहेब आले. वय तिशी-पस्तिशीचं, पुण्याकडचे, बोलणं स्वच्छ आणि काम करायची हौस. त्यांनी प्रत्येक सबस्टेशनला एक टॅबलेट दिला. लॉगशीटवर लिहायचं ते टॅबलेटवरही भरायचं: लाइन किती वाजता पडली, कशानं पडली, किती मिनिटांनी आली. ते सगळं साहेबांच्या खोलीतल्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दिसायचं. मी त्या टॅबलेटच्या विरोधात कधीच नव्हते. हे आधीच सांगते, कारण पुढे माझ्याबद्दल तसं बोललं गेलं.

उलट पहिल्या दोन महिन्यांत मला त्या पडद्याचं कौतुकच वाटलं. आमचा तीन नंबरचा फीडर रोज दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान पडायचा. आम्ही ते वर्षानुवर्षं लिहीत होतो. पण लिहिलेले कागद गठ्ठा बांधून कपाटात जात, आणि तीन ऑपरेटरांच्या तीन पाळ्यांतलं लिहिणं एकाखाली एक ठेवून कुणी कधी वाचलंच नव्हतं. साहेबांनी वाचलं. त्यांनी मला फोन करून विचारलं की दुपारी दोनलाच काय होतं. मी म्हटलं, वारा सुटतो. ते स्वतः लाइनमनला घेऊन उन्हात सगळी लाइन पायी फिरले. एका विहिरीजवळ बाभळीची फांदी होती, वारा आला की तारेला लागायची. फांदी तोडली, फीडर पडायचा थांबला. मोजल्याशिवाय काही सुधारत नाही, असं साहेब म्हणायचे, आणि त्या दिवशी मला ते शंभर टक्के पटलं होतं. आजही पटतं.

मग पडद्यावर रंग आले. महिन्यात ज्या सबस्टेशनची लाइन कमी मिनिटं बंद ते हिरवं, मध्यम ते पिवळं, जास्त ते लाल. लाइन एका वेळी तासाभरापेक्षा जास्त बंद राहिली की टॅबलेट आपोआप वर निरोप पाठवायचा, साहेबांच्याही वरच्या साहेबांना. त्यांच्याही भिंतीवर असाच पडदा होता आणि त्यावर आमच्या साहेबांचा रंग दिसायचा. आमच्या रंगांवरून त्यांचा रंग ठरायचा. तिथून गोष्ट बदलली. आधी साहेब फोन करून विचारायचे, लाइन का पडली? आता विचारायला लागले, किती मिनिटं झाली?

आमचं सबस्टेशन लागोपाठ दोन महिने लाल आलं. मला नवल वाटलं, कारण आमच्या लाइनी इतरांपेक्षा काही वाईट नव्हत्या. मग शेजारच्या सबस्टेशनवरच्या ऑपरेटरनं मला समजावून सांगितलं. टॅबलेटमध्ये कारणांची यादी होती, आणि त्यात एक कारण होतं, "ग्राहकाच्या विनंतीवरून बंद". ते कारण निवडलं की मिनिटं मोजली जायची नाहीत. तो म्हणाला, "ताई, आमच्याकडचे गिऱ्हाईक लई विनंत्या करून राहिलेत सध्या." तो हसला, मीही हसले. पण माझा हात त्या कारणावर गेला नाही. यात काही मोठेपणा नाही. बाभळीची फांदी सापडली होती ती आम्ही खरं लिहिलं होतं म्हणून. विनंतीवरून बंद असं लिहिलं असतं तर ती फांदी अजून तारेवर असती, एवढा साधा हिशोब मला दिसत होता.

महिन्याच्या आढावा बैठकीला आम्हा ऑपरेटरांनाही बोलवायला लागले. लाल सबस्टेशनवाल्यांनी उभं राहायचं, अशी रीत पडली. मी उभी राहिले. साहेबांनी शांतपणेच विचारलं की मॅडम, तुमच्याकडेच इतकी मिनिटं का.

"साहेब, लाइन जेवढी पडते तेवढी मी लिहिते," मी म्हटलं. "दुसऱ्यांची कमी काहून पडते ते त्यांना विचारा."

साहेबांनी मला बसायला सांगितलं आणि पुढच्या सबस्टेशनचं नाव घेतलं. बाहेर आल्यावर दोन-तीन जण माझ्याशी न बोलता निघून गेले. शेजारचा ऑपरेटर मात्र थांबला होता. तो एवढंच म्हणाला की तू बोललीस ते बराबर, पण आता तुला जपून राहावं लागेल.

ती गोष्ट घडली हळदीच्या दिवसांत. त्या दिवसांत कुरुंद्याच्या बाजूनं वारा आला की यार्डापर्यंत शिजलेल्या हळदीचा वास यायचा. शेतांत गव्हाला शेवटचं पाणी चालू होतं आणि शेतीच्या फीडरवर लोड होता. सकाळची पाळी माझी होती. बाराच्या सुमाराला दोन नंबरचा फीडर पडला. आमचा लाइनमन, पन्नाशीचा माणूस, तारेखालून चालत गेला आणि त्यानं फोन करून सांगितलं की कालव्यापलीकडं एका पोलवरचं इन्सुलेटर, तार पेलणारी चिनी मातीची वाटी, फुटलंय, परमिट द्या. मी लाइन बंद केली, यार्डात जाऊन स्विच उघडला, कुलूप घातलं, चावी पदराच्या टोकाला बांधली. वहीत त्याचं नाव लिहिलं, नंबर दिला, त्यानं नंबर परत म्हणून दाखवला. मग टॅबलेटवर काम सुरू झाल्याचं भरलं.

चाळीस मिनिटांनी साहेबांचा पहिला फोन आला. किती वेळ लागेल? मी सांगितलं, काम चालू आहे, परमिट परत आलं की लगेच सोडते. लाइनमनला मी तीनदा फोन लावला. लागत नव्हता. कालव्यापलीकडं रेंज नसते हे मला माहीत होतं, म्हणून मी घाबरले नाही.

पन्नास मिनिटांनी टॅबलेटवर हिरवी खूण आली: काम पूर्ण. ती खूण आमच्या भागाच्या ज्युनियर इंजिनिअरनं त्याच्या मोबाइलवरून टाकली होती. पाठोपाठ साहेबांचा फोन. काम झालंय, तुमच्या स्क्रीनवरही दिसतंय, लाइन सोडा, दहा मिनिटं उरलीत.

मी म्हटलं, "साहेब, परमिट परत आलेलं न्हाई."

ते म्हणाले की इंजिनिअर स्वतः जागेवर होता, त्यानं स्वतः बघून भरलंय. मी म्हटलं, परमिट इंजिनिअर साहेबांच्या नावावर नाही, लाइनमनच्या नावावर आहे. त्यांनी आवाज चढवला नाही. आवाज खाली आणला, ते जास्त वाईट होतं. म्हणाले की आपण एका मिनिटासाठी अख्ख्या विभागाचा रंग बिघडवतोय, आणि गेले तीन महिने सगळ्यांनी काय मेहनत घेतलीय ते तुम्हाला माहीत आहे.

मला माहीत होतं. साहेबांची मेहनत मी पाहिली होती. पण वहीवरचा तो रकाना, जिथं परमिट परत आल्याची वेळ लिहायची, तो माझ्या डोळ्यांसमोर कोरा होता.

"मी सांगतोय," ते म्हणाले. "माझ्या जबाबदारीवर सोडा."

"तुमी पोलवर न्हाईत, साहेब," मी म्हटलं. "लेखी द्या. वहीत तसं लिहून ठेवते."

त्यांनी फोन ठेवला. लेखी काही आलं नाही. मग इंजिनिअरचा फोन आला. तो बिचारा माझ्यापेक्षा लहान, दोन वर्षांच्या नोकरीचा. म्हणाला, मॅडम, मी डोळ्यांनी बघितलं, ते खाली उतरले, साखळी पण काढली. ही साखळी म्हणजे काम करताना तारा जमिनीशी जोडून ठेवतात ती. चुकून वीज आलीच तर ती साखळीतून जमिनीत जावी म्हणून. ती काढली म्हणजे काम संपलं, असा त्याचा हिशोब. मी विचारलं, तुमी त्यांच्याशी बोललात का? तो म्हणाला, नाही, मी रस्त्यावर होतो, मधे दोन शेतं होती, आणि रेंज रस्त्यावरच येते म्हणून लगेच भरलं. मी म्हटलं, मग तुमी आता मागं जा आणि त्यांना विचारा. तो म्हणाला, मी वसमतला पोचत आलोय.

साठ मिनिटं झाली. टॅबलेटचा पडदा लाल झाला आणि तसाच राहिला.

तेवढ्यात फाटकापाशी चार-पाच शेतकरी जमले. शेतात पाणी अर्ध्या वाफ्यात थांबलं होतं, त्यांचा राग खरा होता. मी फाटकापर्यंत गेले आणि सांगितलं की माणूस पोलवर आहे का खाली आहे ते मला कळत नाही, कळेपर्यंत लाइन येणार नाही. एक जण म्हणाला, मोबाइलवर तर मेसेज आलाय, काम झालं म्हणून. त्यांनाही मेसेज गेला होता. मी म्हटलं, मेसेज मलाबी आलाय. त्यांतला एक म्हातारा बाकीच्यांना म्हणाला, "चला रे, बाई म्हणते ते खरं असंल. मी जातो कालव्याकडं, बघतो." आणि तो खरंच मोटारसायकलवर मागं बसून निघाला.

मी परत खोलीत आले तर साहेबांचा पुन्हा फोन. या वेळी थोडकंच बोलले. तुम्हाला बरं वाटत नसेल तर मी दुसरा ऑपरेटर पाठवतोय, त्याला चार्ज द्या आणि घरी जा. मी म्हटलं, पाठवा.

त्या अर्ध्या तासात मी काय केलं ते मला नीट आठवतं. एक वाजताचे काटे बघितले, आकडे उतरवले. ग्लासभर पाणी प्याले. पदराची गाठ दोनदा चाचपून बघितली. मनात भीती होती, ती लाइनमनची नव्हती. त्याची काळजी होती, पण लाइन मेलेली होती, तो सुरक्षित होता, एवढं मला ठाऊक होतं. भीती अशी होती की हा माणूस खरंच कधीचा उतरून झाडाखाली भाकरी खात बसला असेल, आणि मी उगाच हट्ट धरलाय. तसं निघालं तर माझी नोकरी राहणार नाही, आणि लोक हसतील ते वेगळंच. मी स्वतःला विचारलं, तसं निघालं तर तू चुकलीस का? तरी उत्तर नाही असंच येत होतं. ते उत्तर आल्यावर मी खुर्चीत नीट बसले.

दुसरा ऑपरेटर आला. शेजारच्या सबस्टेशनचाच, तो विनंत्यांवाला. घाम पुसत आत आला आणि म्हणाला, ताई, मला पाठवलंय, तुला माहीतच आहे. मी चार्जची वही त्याच्यासमोर ठेवली. चार्ज घेताना नव्या माणसानं लिहून द्यावं लागतं की कोणतं परमिट बाकी आहे आणि ते माझ्या ताब्यात आलं. मी परमिटची वहीही उघडून ठेवली आणि पेन दिला.

त्यानं नाव वाचलं. त्या लाइनमनला तो वीस वर्षं ओळखत होता. दोघांनी एकत्र खांबांवर काम केलं होतं. त्यानं परत आल्याचा कोरा रकाना बघितला. टॅबलेट बघितला. मग पेन टेबलावर ठेवला आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसला.

"मी काय सही करत न्हाई," तो म्हणाला. "साहेबाला सांग, याचंबी पोट बिघडलं."

मी त्या माणसाला मनातल्या मनात नावं ठेवली होती. त्या दिवसापासून नाही ठेवली.

मग फोन वाजला. अनोळखी नंबर. उचलला तर लाइनमनचा आवाज. कालव्याकडं गेलेल्या म्हाताऱ्याच्या फोनवरून बोलत होता. म्हातारा शेताच्या उंच बांधावर उभा राहून रेंज पकडून होता आणि त्यानं लाइनमनला पोलवरून खाली बोलावलं होतं.

"ताई, काय झालं? हे बाबा म्हणून राहिले लाइन सोडणार हायेत म्हणून. सोडू नका बरं. दुसऱ्या पोलचं इन्सुलेटरबी गेलंय. पैल्यावरची साखळी काढली, हिकडं आणली. अजून पंधरा मिनिटं द्या मला."

मी विचारलं, आता कुठं होता?

"वर," तो म्हणाला. "काहून?"

मी त्याला तेव्हा काही सांगितलं नाही. म्हटलं, सावकाश करा, परमिट तुमच्याच नावावर आहे. फोन ठेवला. शेजारच्या ऑपरेटरनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि उठून बाहेर गेला. मी बराच वेळ पॅनेलकडं बघत बसले. साखळी काढून नेताना, नवीन पोलवर ती लावायच्या आधी, ते काही क्षण त्याच्या आणि मरणाच्या मधे फक्त माझ्या पदरातली चावी होती. आणि त्याच क्षणांत सगळ्या पडद्यांवर काम पूर्ण झालेलं होतं.

परमिट परत आलं तेव्हा सगळी मिळून एकशे बारा मिनिटं झाली होती. त्यानं नंबर सांगितला, मी वहीत वेळ लिहिली, कुलूप काढलं, लाइन सोडली. टॅबलेटवर एकशे बारा भरली. कारण खरं निवडलं. खाली शेऱ्याची जागा होती, तिथं लिहिलं: काम पूर्ण ही नोंद चुकीची, त्या वेळी माणूस पोलवर होता.

आठवड्यानं कारणे दाखवा नोटीस आली. वरिष्ठांचा तोंडी आदेश पाळला नाही, आणि पुरवठा सुरू करण्यात अकारण विलंब केला. मी ती घरी नेली. माझ्या सासूबाई शिकलेल्या नाहीत, पण कागदाच्या घडीवरून त्यांना कागद कळतो. त्यांनी विचारलं, नोकरी जाईल का? मी म्हटलं, जाऊ शकते.

"मग काय लिहिणार तू?"

"झालं ते."

"मग लिही बसून," त्या म्हणाल्या. "भाकरी मी टाकते."

मी दीड पान उत्तर लिहिलं. कुणाला दोष दिला नाही. वेळा लिहिल्या, कोण काय बोललं ते लिहिलं, परमिटच्या पानाची झेरॉक्स जोडली. शेवटी लिहिलं की अशीच वेळ पुन्हा आली तर मी हेच करीन. नवऱ्यानं ते वाक्य वाचून सुचवलं की हे तेवढं काढ, उगाच डिवचल्यासारखं होतं. मी काढलं नाही. ते वाक्य नसतं तर बाकीचं दीड पान माफीनाम्यासारखं वाचलं गेलं असतं.

पुढच्या आढावा बैठकीत साहेबांनी त्या महिन्याचा तक्ता पडद्यावर लावला. आमच्या नावापुढं एक उंच लाल पट्टा उभा होता, बाकी सगळ्यांच्या वर डोकं काढून. मला उभं राहायला सांगायच्या आधीच मी उभी राहिले. पिशवीतून परमिटची वही काढली आणि त्या दिवसाचं पान मोठ्यानं वाचलं. नाव, नंबर, दिल्याची वेळ, परत आल्याची वेळ. त्याच्या शेजारी टॅबलेटवर काम पूर्ण कधी झालं ती वेळ वाचली. दोन वेळांत एका तासाचं अंतर होतं. मग मी माझ्या वडलांचं सांगितलं. हट्ट्याच्या माळावर ते मेंढ्या राखायचे. संध्याकाळी मेंढवाड्याच्या तोंडाशी उभं राहून एकेक आत घ्यायचे आणि मोजायचे. एक कमी भरली तर परत माळावर जायचे. आकडा पुरा करायला शेजाऱ्याची मेंढी आत घेतलेली मी कधी पाहिली नाही.

"मोजणं मलाबी कळतं, साहेब," मी म्हटलं. "लहानपणापासून पाहिलंय. मोजतात ते कोण बाहेर राहिलंय ते कळायला."

मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. लाइनमन उभा होता. त्याला बैठकीला कुणी बोलावलं नव्हतं. तो कधी येऊन बसला ते मलाही कळलं नव्हतं.

"साहेब, तो लाल पट्टा दिसून राहिला ना," तो म्हणाला, "तेवढा वेळ मी जिता होतो. एवढंच सांगायचं होतं."

आणि तो बसला. ज्युनियर इंजिनिअरनं मान खाली घातली होती ती बैठक संपेपर्यंत वर केली नाही. साहेबांनी पडदा बंद केला, पाणी प्याले, आणि पुढच्या सबस्टेशनचं कागदावरून वाचायला लागले. त्या दिवशी उरलेल्या कुणालाच त्यांनी उभं केलं नाही.

दीडेक महिन्यानं टॅबलेटमध्ये बदल झाला. कुणी काही जाहीर केलं नाही. एका सकाळी उघडला तर काम पूर्ण या खुणेच्या आधी एक नवीन चौकट आली होती: परमिट परत क्रमांक. तो भरल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही. आणि परमिटवर असलेली मिनिटं वेगळ्या रकान्यात जायला लागली, रंगात धरली जायची नाहीत. ते साहेबांनीच वर भांडून करून घेतलं, असं मला नंतर कळलं. मी ते नाकारत नाही. केलं ते चांगलंच केलं.

पण त्याच सुमाराला त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. चहा मागवला. म्हणाले, ती नोटीस आपण मागे घेऊ, तुमच्या सर्व्हिसला डाग नको. फक्त एका ओळीवर सही करा. ती ओळ त्यांनी छापून ठेवली होती: सदर प्रकार संवादातील गैरसमजातून घडला. मी ती दोनदा वाचली.

मी म्हटलं, "गैरसमज कुणाचा झाला, साहेब? मला तर सगळं समजलं होतं."

ते म्हणाले, मॅडम, ही फक्त भाषा आहे, सगळ्यांच्या सोयीची. मी म्हटलं, मग नोटीस राहू द्या. त्यांना वाटलं मी रागात बोलतेय. मी रागात नव्हते. चहा पूर्ण प्याले, कप उचलून बाजूला ठेवला आणि निघाले.

पुढच्या बदल्यांत माझं नाव आलं. औंढ्याच्या बाजूचं सबस्टेशन, घरापासून दोन एसट्या बदलून जायचं. ती शिक्षा होती की नेहमीची बदली, हे मी कुणाला विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. जुन्या सबस्टेशनवरच्या माझ्या शेवटच्या दिवशी ज्युनियर इंजिनिअर आला. बराच वेळ यार्डात गिट्टीवर उभा होता. मग आत येऊन म्हणाला की आता मी जागेवरून निघायच्या आधी माणसाशी बोलतो, लांब असला तरी चालत जातो. मी म्हटलं, बरं करता.

नवीन जागी येऊन आता वर्ष होत आलं. सिद्धेश्वर धरणाचा कालवा इथूनही लांब नाही आणि रेंज इथंही नसते. मी लाइनमनला नंबर विचारते, तो सांगतो, मी लिहिते. बढतीची यादी लागली तेव्हा माझं नाव त्यात नव्हतं. संघटनेच्या माणसानं सांगितलं की फाइलीत नोटीस आहे म्हणून अडलं असेल, अजून अर्ज करता येईल, ती काढून टाकायला. मी त्याला विचारलं, नोटिशीच्या मागं माझं उत्तर लावलेलं आहे का तेवढं बघून ये. तो बघून आला. म्हणाला, आहे, दीड पान, झेरॉक्ससकट.

मी म्हटलं, मग दोन्ही तिथंच राहू दे. ज्याला माझी फाइल उघडायची असेल त्यानं दोन्ही वाचावं.